जीपीआयबी बसवर उपकरणाला हाक कशी मारायची: ॲड्रेस, आज्ञा आणि गप्प बसलेला मीटर

महापे, रबाळे, तुर्भे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये रॅकच्या मागे हात घातला, की जाडजूड केबल आणि एकावर एक चढवलेले २४ पिनांचे कनेक्टर हाताला लागतात. हीच जीपीआयबी, म्हणजे मोजमापाची उपकरणं पीसीला जोडणारी सामाईक तारांची बस. हिचा मूळ आराखडा ह्यूलेट-पॅकार्डचा (एचपी). १९७५ साली त्याचं आयईईई ४८८ हे मानक झालं, १९८७ मध्ये ४८८.२ आलं आणि १९९० मध्ये त्यावर एससीपीआय ही आज्ञांची भाषा बसली. आता नव्या उपकरणांना लॅन आणि यूएसबी असतं, पण चांगला मीटर पंचवीस-तीस वर्षं सहज टिकतो. म्हणून ही बसही टिकून आहे आणि तिच्याशी नीट बोलता येणारा माणूस लॅबला आजही लागतो.

या बसवरच्या बहुतेक अडचणींचं मूळ एकाच ठिकाणी असतं: या क्षणी बोलायला कोणाला सांगितलंय आणि ऐकायला कोणाला, हे पाहिलेलं नसतं. केबल बदलण्याआधी, ड्रायव्हर पुन्हा टाकण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागली, की अर्धं काम झालं. बसवर एका वेळी बोलणारा एकच, म्हणजे टॉकर. ऐकणारे, म्हणजे लिसनर, कितीही असू शकतात. कोण बोलणार आणि कोण ऐकणार हे ठरवतो कंट्रोलर, म्हणजे सहसा आपला पीसी आणि त्यातलं कार्ड किंवा यूएसबी अडॅप्टर.

(आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना त्या मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे रोमन अक्षरांत घालायच्या.)

सोळा तारा

कनेक्टरच्या २४ पिनांपैकी १६ सिग्नलच्या, बाकी आठ ग्राउंड आणि शील्डच्या. सोळांतल्या आठ डेटाच्या. तीन हँडशेकच्या, म्हणजे बाइट दिला-घेतला हे कळवणाऱ्या: डीएव्ही (डेटा तयार आहे), एनआरएफडी आणि एनडीएसी. उरलेल्या पाच व्यवस्थेच्या: एटीएन (लक्ष द्या), आयएफसी (बस मोकळी करा), आरईएन (रिमोट चालू), एसआरक्यू (उपकरणाची हाक) आणि ईओआय (मजकूर संपला). सगळं उलट्या लॉजिकवर चालतं, म्हणजे तार खाली ओढली की ती ‘खरी’. हे डोक्यात पक्कं असू द्या, कारण पुढे मल्टिमीटर लावून दोष शोधताना याच गोष्टीवर घोळ होतो.

एटीएन ही सगळ्यात महत्त्वाची तार. ती खाली असली, की डेटा तारांवरून जाणारा प्रत्येक बाइट ही बसची आज्ञा असते आणि चालू असलेली सगळी उपकरणं ती ऐकतात. ती वर सोडली, की जाणारा बाइट हा मजकूर असतो आणि तो फक्त लिसनर घेतात.

हँडशेक पंगतीसारखा आहे. एनआरएफडी म्हणजे ‘मी अजून तयार नाही’, एनडीएसी म्हणजे ‘मी अजून घेतलं नाही’. या दोन्ही तारा कोणीही एकाने खाली धरून ठेवल्या तरी सगळ्यांना थांबावं लागतं. सावकाश जेवणारा उठल्याशिवाय पंगत उठत नाही, तसा सर्वांत संथ लिसनर बसचा वेग ठरवतो. त्यामुळे वेगवान आणि मंद उपकरणं एकाच केबलवर बिनधोक नांदतात. पण त्यातलं एक अडकलं, की सगळी बस अडकते.

ॲड्रेस लावणं

ॲड्रेस ० ते ३० पर्यंत देता येतो. ३१ का नाही, हे गणितातच दिसतं. ‘ऐक’ सांगणारा बाइट म्हणजे ३२ अधिक ॲड्रेस आणि ‘बोल’ सांगणारा बाइट म्हणजे ६४ अधिक ॲड्रेस. ३१ घातले तर ६३ आणि ९५ येतात, आणि हे दोन आकडे ‘सगळ्यांनी ऐकणं थांबवा’ आणि ‘बोलणं थांबवा’ या आज्ञांसाठी राखून ठेवलेले आहेत. एचपीच्या ३४४०१ए या साडेसहा अंकी मीटरमध्ये ३१ निवडता येतो, पण तो ॲड्रेस नव्हे. त्याचा अर्थ फक्त-बोलणे, म्हणजे कंट्रोलरशिवाय थेट प्रिंटरला आकडे पाठवणे. मेनूत चुकून ३१ वर गेलेला मीटर पीसीला कधीच दाद देत नाही.

० आणि २१ हेही उपकरणांना देऊ नका. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचे कंट्रोलर स्वतःसाठी ० घेतात आणि एचपी-कीसाइट परंपरेतले २१.

कारखान्यातून आलेले आकडे तसेच ठेवले, की धडक होते. ३४४०१ए २२ वर येतो आणि साडेआठ अंकी ३४५८एसुद्धा २२ वरच. दोन्ही एकाच रॅकमध्ये असणं लॅबमध्ये नेहमीचं आहे. ई३६३१ए पॉवर सप्लाय ५ वर येतो आणि असे दोन सप्लाय घेतले तर दोघेही ५ वर.

दोन उपकरणांचा ॲड्रेस एकच असला तर काय होतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. ऐकताना दोघंही ऐकतात. एका सप्लायला ‘१५ व्होल्ट दे, आउटपुट चालू कर’ सांगितलं, की दुसराही १५ व्होल्ट देतो, आणि त्याच्यावर कदाचित ५ व्होल्टचं सर्किट जोडलेलं असतं. बोलताना दोघंही एकदम बोलतात. उलट्या लॉजिकमुळे ज्या तारेला कोणीही एक खाली ओढतो ती ‘१’ धरली जाते. समजा एका मीटरला ‘१’ पाठवायचा आहे आणि दुसऱ्याला ‘२’. त्यांचे आस्की आकडे, म्हणजे अक्षरांना दिलेले प्रमाण क्रमांक, ४९ आणि ५०. दोघांची वेळ जुळली तर बसवर ५१ दिसतो, म्हणजे ‘३’. पीसीला एक नीटनेटका, विश्वास बसेल असा चुकीचा आकडा मिळतो आणि एरर कुठेच दिसत नाही. कॅलिब्रेशनच्या कामात याहून वाईट काही नाही.

म्हणून नवं उपकरण बसला जोडण्याआधी, ते एकटं असताना, त्याचा ॲड्रेस बदलून घ्या. ३४४०१एमध्ये शिफ्ट आणि डावा बाण दाबून मेनूत जा, आय/ओ मेनूपर्यंत सरका, खाली उतरून ॲड्रेस बदला आणि एंटर दाबा. हा आकडा वीज गेली तरी राहतो. जुन्या उपकरणांच्या पाठीवर डिप स्विच असतात: पाच स्विच, किंमत १, २, ४, ८, १६. २२ हवे असतील तर १६, ४ आणि २ चालू. कोणत्या टोकाला १ आहे आणि ‘चालू’ म्हणजे वर की खाली, ते पाठीवरच्या छापावरून वाचा, अंदाज करू नका. शेजारी सहावा-सातवा स्विच असेल तर तो बहुधा फक्त-बोलणे किंवा फक्त-ऐकणे याचा असतो आणि तो बंदच हवा. अशी बरीच उपकरणं स्विच फक्त चालू होताना वाचतात, म्हणून बदलल्यावर वीज बंद-चालू करा. शेवटी उपकरणाच्या पुढच्या बाजूला ॲड्रेसचं लेबल चिकटवा. मागे लावलेलं लेबल रॅकमध्ये बसवल्यावर कोणाला दिसत नाही.

केबल

कंट्रोलर धरून जास्तीत जास्त १५ उपकरणं. केबलची एकूण लांबी उपकरणांच्या संख्येच्या दुप्पट मीटर किंवा २० मीटर, यातलं जे कमी ते. दोन मल्टिमीटर, एक सोर्स, एक सप्लाय आणि पीसी मिळून पाच झाले तर १० मीटर केबल. कोणत्याही दोन उपकरणांमधला तुकडा ४ मीटरपेक्षा मोठा नको. शेजारच्या खोलीतल्या ओव्हनपर्यंत १२ मीटरची एकच केबल ओढायची कल्पना इथेच सोडून द्यावी.

साखळी करा, एका जागी गोळा करा किंवा दोन्ही मिसळा, बसला फरक पडत नाही. मात्र एका उपकरणावर तीन-चारपेक्षा जास्त कनेक्टर चढवले, की त्या वजनाने आतलं सॉकेट बोर्डावरून सैल होतं. काळे स्क्रू मेट्रिक आटांचे असतात, चंदेरी जुन्या इंची आटांचे. एकमेकांत जबरदस्तीने फिरवले तर आटे जातात. खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, महिनोन्‌महिने न हललेल्या कनेक्टरच्या पट्ट्यांवर थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो साफ होतो.

जोडलेल्या उपकरणांपैकी निदान दोन तृतीयांश चालू हवीत, असा मानकाचा नियम आहे. प्रत्येक उपकरण आपल्या आत प्रत्येक तार ३ किलोओहमने ५ व्होल्टला आणि ६.२ किलोओहमने ग्राउंडला बांधतं. वीज नसली, की जुन्या उपकरणात ते ३ किलोओहमही खालीच ओढायला लागतात आणि मोकळ्या तारेचं व्होल्टेज घसरतं. नव्या ट्रान्सीव्हर चिप, म्हणजे बसच्या तारा हाताळणाऱ्या चिप, वीज गेल्यावर बसपासून बाजूला होतात, पण रॅकमध्ये कोणती चिप आहे हे माहीत नसताना नियम पाळलेला बरा.

पहिली हाक

आधी ड्रायव्हर, मग अडॅप्टर, मग फक्त एक उपकरण. तिन्ही एकदम जोडू नका.

१. अडॅप्टर बनवणाऱ्याचा ड्रायव्हर आणि व्हिसा लायब्ररी (प्रोग्रामला उपकरणांशी बोलू देणारं सॉफ्टवेअर) टाका आणि पीसी पुन्हा सुरू करा.

२. एक मीटर जोडा, चालू करा, पुढच्या पॅनलवर ॲड्रेस तपासा.

३. सॉफ्टवेअरमधून बस स्कॅन करा. मीटर २२ वर असेल तर नाव साधारण ‘जीपीआयबी०::२२::इन्स्ट्र’ असं दिसतं. पहिलं शून्य हे अडॅप्टरचा क्रमांक आहे, ॲड्रेसचा त्याच्याशी संबंध नाही.

४. *आयडीएन?, म्हणजे ‘तू कोण?’ हा प्रश्न, पाठवा आणि उत्तर वाचा. स्वल्पविरामाने तोडलेले चार भाग यायला हवेत: कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, फर्मवेअर.

चौथ्या पायरीवर एक सावधगिरी. ३४४०१ए सिरियल नंबरच्या जागी नुसतं ० पाठवतो. त्यामुळे प्रमाणपत्रात सिरियल नंबर या उत्तरातून आपोआप भरू नका, पाटीवरून वाचून भरा.

३४५८एला *आयडीएन? कळतच नाही, तो ४८८.२ च्या आधीच्या वळणाची भाषा बोलतो. त्याला आयडी? विचारायचं. शिवाय चालू झाल्यावर तो उत्तराच्या शेवटी ईओआय देत नाही, म्हणून पीसी वाट पाहत राहतो. आधी ‘एंड ऑलवेज’ पाठवा, मग प्रश्न विचारा.

आता *आयडीएन? पाठवताना तारांवर काय जातं ते पाहू. कंट्रोलर ०, मीटर २२. कंट्रोलर एटीएन खाली ओढतो आणि तीन बाइट पाठवतो: ६३, म्हणजे सगळ्यांनी ऐकणं थांबवा, ६४, म्हणजे बोलणार मी, ० नंबर, ५४, म्हणजे २२ ने ऐकावं. मग एटीएन सोडून मजकूर पाठवतो आणि शेवटच्या बाइटसोबत ईओआय ओढतो. उत्तर घेताना पुन्हा एटीएन खाली आणि ६३, ३२, ८६: थांबा सगळे, ऐकणार मी, बोलणार २२. एटीएन सुटतो आणि मीटर बोलू लागतो. आस्कीत ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह, ५४ म्हणजे ६ हा अंक, ८६ म्हणजे रोमन व्ही. बस ॲनालायझर किंवा ट्रेस सॉफ्टवेअरमध्ये ही चिन्हं अशीच दिसतात. ‘?@६’ हे तीन आकार डोळ्यांना सरावाचे झाले, की ट्रेस वाचणं मराठी वाचण्याइतकं सोपं होतं.

स्कॅनमध्ये मीटर दिसतो पण उत्तर देत नाही, ही तक्रार इथून समजते. स्कॅन करताना कंट्रोलर एकेका ॲड्रेसला ‘ऐक’ म्हणतो, एटीएन सोडतो आणि एनडीएसी कोणी खाली धरलीय का ते पाहतो. म्हणजे स्कॅनने फक्त कान जागे आहेत एवढं कळतं, तोंडाचं काही कळत नाही. एकाच ॲड्रेसवरचे दोघेही स्कॅनमध्ये एकच दिसतात. रॅकमधली उपकरणं मोजा, यादीतली ओळ मोजा, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

टाइमआउट

व्हिसाचा ठरलेला टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहायची मुदत, २००० मिलिसेकंद असतो. आता आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंद. ३४४०१ए १०० सायकलवर, म्हणजे एक रीडिंग १०० सायकलभर मोजायला लावला, की एका रीडिंगला २ सेकंद, आणि ऑटो-झीरो चालू असल्याने शून्याचं आणखी एक मोजमाप, म्हणजे सुमारे ४ सेकंद. प्रोग्राम दोन सेकंदांत हात वर करतो आणि −१०७३८०७३३९ हा एरर देतो. मीटरचं मात्र काम चालूच असतं. मग प्रोग्राम पुढची आज्ञा पाठवतो आणि न वाचलेलं उत्तर टाकून द्यावं लागल्याने मीटर −४१०, म्हणजे प्रश्न मध्येच तोडला, असं नोंदवतो.

टाइमआउट मोजून ठेवा: एका रीडिंगचा वेळ गुणिले रीडिंगची संख्या, त्यावर निम्मा वेळ जास्तीचा. दहा रीडिंग १०० सायकलवर म्हणजे ४० सेकंद, म्हणून ६०. कुठे काय अडेल ते ठाऊक नसताना सगळीकडे पाच मिनिटांचा टाइमआउट देणं हा उपाय नाही, त्याने खरा दोषही पाच मिनिटं लपतो.

−४२० हा −४१० चा भाऊ: काही न विचारताच मीटरला बोलायला सांगितलं. प्रोलॉजिक्स पद्धतीच्या यूएसबी अडॅप्टरमध्ये ++ऑटो १ ठेवलं तर प्रत्येक आज्ञेनंतर अडॅप्टर उत्तर मागतो, मग आज्ञा नुसती ‘रेंज बदल’ असली तरी. पॅनलवर एरर साचत जातात. ++ऑटो ० ठेवा आणि प्रश्न विचारल्यावरच ++रीड ईओआय द्या.

−१०७३८०७२६५ वेगळा आहे, त्याचा अर्थ ऐकणारं कोणीच नाही. ॲड्रेस चुकलाय, उपकरण बंद आहे किंवा केबल सुटलीय. यात टाइमआउट वाढवून काहीही होणार नाही.

काम संपलं हे उपकरणानेच सांगावं

लांबलेल्या मोजमापासाठी वाट पाहायची सरळ पद्धत म्हणजे आज्ञेमागे *ओपीसी? जोडणं. काम झालं की १ येतो. पण तोवर पीसी अडकून राहतो. बसवर दुसरी उपकरणं असतील तर एसआरक्यू वापरा: जुन्या नोंदी पुसायला *सीएलएस, मग ‘काम झालं’ ही घटना निवडायला *ईएसई १, मग तिच्यावर हाक मारायला *एसआरई ३२ पाठवा, आणि मोजमाप सुरू करणाऱ्या आज्ञेच्या शेवटी *ओपीसी लावा, प्रश्नचिन्हाशिवाय. काम होताच उपकरण एसआरक्यू खाली ओढतं. ही तार सगळ्यांची सामाईक असल्याने कोणी ओढली ते कळत नाही, म्हणून कंट्रोलर सिरियल पोल घेऊन एकेकाला विचारतो. उत्तरात ९६ आलं तर तोच: ६४ म्हणजे हाक मीच मारली आणि ३२ म्हणजे कारण घटनांच्या रजिस्टरमध्ये आहे. ते रजिस्टर *ईएसआर? ने वाचा, वाचल्यावर ते साफ होतं. न वाचता पुढे गेलात, तर पुढच्या वेळी हाक येतच नाही आणि प्रोग्राम कायमचा वाट पाहतो.

अडकलेली बस सोडवणं

तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक वेगळ्या थराची साफसफाई करते. आयएफसी ही तार निदान १०० मायक्रोसेकंद खाली ओढली, की सगळे टॉकर-लिसनर मोकळे होतात, उपकरणाच्या सेटिंगला धक्का लागत नाही. मग निवडक डिव्हाइस क्लिअर, आज्ञा क्रमांक ४, त्या एका उपकरणाचे आत-बाहेरचे बफर रिकामे करतं. शेवटी *आरएसटी सेटिंग मूळ जागी आणतं. क्रम हाच ठेवा. बफर तुंबलेल्या उपकरणाला *आरएसटी पाठवली तर ती त्याच तुंबलेल्या रांगेत मागे उभी राहते. आज्ञा २० म्हणजे सगळ्यांचंच क्लिअर, शेजारच्या उपकरणावर तीन तासांचं मोजमाप चालू असेल तर ती वापरू नका.

यानेही बस सुटली नाही तर मल्टिमीटर हातात घ्या. कंट्रोलरची केबल काढा, सगळी उपकरणं चालू ठेवा. काळी प्रोब पिन २४ वर, लाल प्रोब एकेका सिग्नलवर: ५ ईओआय, ६ डीएव्ही, ७ एनआरएफडी, ८ एनडीएसी, ९ आयएफसी, १० एसआरक्यू, ११ एटीएन, १७ आरईएन, आणि डेटा १ ते ४ व १३ ते १६. मोकळ्या तारेवर ३.३ व्होल्टच्या आसपास दिसतात. कुठे ०.८ च्या खाली दिसलं, तर ती तार कोणीतरी धरून बसलंय. एसआरक्यू खाली असणं हा दोष असेलच असं नाही, एखादं उपकरण खरंच हाक मारत असेल. एनडीएसीचंही तसंच, शेवटी ‘ऐक’ सांगितलेलं उपकरण अजून लिसनर असेल तर ती खालीच राहते. बाकीची कुठलीही तार खाली असली तर प्रोब तिथेच ठेवा आणि दुसऱ्याला एकेक केबल काढायला सांगा. ज्या क्षणी ३.३ व्होल्ट परत येतात, त्या क्षणी काढलेल्या केबलच्या पलीकडे दोष आहे. डीएव्ही खाली असेल तर आधी फक्त-बोलणेचा स्विच बघा. प्रोब पातळ टोकाची घ्या, शेजारची पिन जोडली जायला अर्धा मिलिमीटर पुरतो.

आरईएन खाली असताना ॲड्रेस झालेलं उपकरण रिमोटमध्ये जातं आणि पुढची बटणं मरतात, फक्त लोकल बटण चालतं. आज्ञा १७ दिली तर तेही बंद होतं. मोजमाप चालू असताना कोणी सहज रेंजचं बटण दाबू नये म्हणून ही आज्ञा उपयोगी आहे. पण प्रोग्रामच्या शेवटी, आणि एरर येऊन तो मध्येच बाहेर पडला तरी, आधी सोर्सचं आउटपुट बंद करणारी आज्ञा आणि नंतर आरईएन सोडणं, या दोन्ही गोष्टी झाल्याच पाहिजेत. नाहीतर रात्रपाळीच्या माणसासमोर १००० व्होल्ट देणारा कॅलिब्रेटर असतो आणि त्याच्या पॅनलवरचं एकही बटण चालत नाही. कॅलिब्रेटर आणि उच्च व्होल्टेजच्या सोर्सच्या बाबतीत ही आउटपुट-बंदची ओळ प्रोग्राममध्ये सर्वांत आधी लिहा आणि केबल जोडून, प्रोग्राम मुद्दाम मध्येच तोडून, ती खरंच चालते का ते कमी व्होल्टेजवर पाहून घ्या.